डाव्या गालावरचं ऊन

आमच्या आत्याला आता चौऱ्याहत्तर पुरी झाली, पण ती तिशीत असताना बाया तिला जे विचारायच्या तेच अजूनही विचारतात. चेहऱ्याला काय लावता? आत्या त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे उत्तर देते. दवाखान्यातल्या नर्सला तिनं पाणी सांगितलं, शेजारणीला काकडी, आणि लग्न ठरलेल्या एका मुलीला नऊ तास झोप आणि सासरी कमी बोलणं. ती मुलगी ते खरंच लिहून घेत होती. उत्तरं सगळी थोडी थोडी खरी असतात, म्हणून मी मध्ये बोलत नाही.

मग विचारणारीची नजर हमखास आत्याच्या डाव्या गालावर जाते. तिथे डोळ्याच्या जरा खाली बदामाएवढा तपकिरी डाग आहे. बाकी चेहरा सुरकुतला आहे पण नितळ, आणि त्यामुळे तो डाग जास्तच दिसतो. तेवढा एक घालवायला हवा होता, असं बाई हळहळून म्हणते आणि वर लिंबू चोळायचा सल्ला देते. लिंबू म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याचं कारण पुढे येईल. डाग कशाचा हे आत्या कधी सांगत नाही, आणि मला आता ते पोटात ठेवून कंटाळा आलाय.

आत्यानं एकतीस वर्षं पायी फिरून पत्रं वाटली. तिच्या वाट्याच्या भागाला ऑफिसात बीट म्हणायचे. पोस्टातून निघून दक्षिणेकडे जाणाऱ्या सात गल्ल्या, एक चौक आणि शेवटी मुलींची मोठी शाळा, एवढी तिची बीट. ऑफिसातले आणि वाटेवरचे लोक तिला काकडी म्हणत. खांद्याच्या पिशवीत एका कप्प्यात पत्रं आणि दुसऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन काकड्या असायच्या, म्हणून. तिनं गणवेश मुद्दाम उंच माणसाच्या मापाचा मागून घेतला होता. शर्टाच्या बाह्या बोटांच्याही खाली यायच्या. कापड अंगाला चिकटलं की अंग भाजतं, कापडात आणि कातडीत थोडा वारा राहिला पाहिजे, असं तिचं म्हणणं. डोक्यावर वेताची रुंद काठाची टोपी. दर दहा घरांमागे दोन घोट पाणी, तहान असो नसो. तहान लागली म्हणजे तुम्हाला उशीर झालेला आहे, असं ती पोस्टमनच्या तोऱ्यात सांगायची.

पण हे सगळं वरवरचं. तिचं खरं गुपित पत्रं लावण्याच्या पद्धतीत होतं.

प्रत्येक पोस्टमनपुढे लाकडी खणांचं एक कपाट असतं. सकाळी आलेली पत्रं त्यात घरांच्या क्रमानं लावायची आणि त्याच क्रमानं वाटत जायचं. आत्याच्या कपाटात मात्र चाळीस नंबरचं घर तीनच्या आधी यायचं, आणि सतरा नंबर सगळ्यांच्या शेवटी भलत्याच गल्लीतल्या घराशेजारी बसलेला असायचा. ती पत्रं सावलीच्या क्रमानं लावायची. कुठल्या गल्लीच्या कुठल्या बाजूला किती वाजता सावली असते, कुठे कोपऱ्यावरच्या टाकीची सावली रस्ता ओलांडते, कुठे झाडाखालून पलीकडे जाता येतं, हे सगळं त्या खणांमध्ये मांडलेलं होतं. ऊन सरकेल तशी दर पंधरवड्याला ती खणांची अदलाबदल करायची. एकदा ती तापानं घरी होती तेव्हा बदलीवर आलेल्या माणसाच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी तो आमच्या दारात येऊन, बाई, हे काय कोडं आहे, असं विचारून गेला. पोस्टमास्तरांनी तिला दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा हात टेकले, कारण पत्रं वेळेवर पोचत होती.

आत्यानं लग्न केलं नाही. ती आमच्याच घरात, वरच्या एका खोलीत राहायची. बाबा तिचे धाकटे भाऊ, ते तिला ताई म्हणत आणि आईही ताईच म्हणायची. संध्याकाळी ती घरी आली की आधी मोरीत जाऊन नुसत्या गार पाण्यानं तोंड, मान, कोपरापर्यंत हात धुवायची. साबण एकदाच, सकाळी. पुसताना फडकं टिपकागदासारखं टेकवायची, घासायची नाही. मग खिडकीतल्या कोरफडीचं एक पान कापून त्याचा गर हातापायांना लावायची आणि माझ्या खोलीत येऊन बसायची.

माझी खोली म्हणजे मागची खोली. नऊ वर्षांची होते तेव्हापासून माझ्या कातडीचं आणि उन्हाचं बिनसलं. उन्हात दहा मिनिटं गेले की हातांवर लाल पुरळ उठायचं, मग खाज, मग सूज. आधी बोटं, मग मनगटं. डॉक्टर म्हणाले की ही उन्हाची ॲलर्जी आहे, वयाबरोबर कमी होईलही, तोवर उन्हापासून जपा. त्यांनी दिलेल्या मलमानं खाज थांबायची, सूज नाही. आईनं हातमोजे शिवले, तर आत घामानं वेगळंच पुरळ आलं. छत्री होती, पण तिरपं ऊन छत्रीला जुमानत नाही. एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून आईनं माझ्या हातांना लिंबू चोळलं आणि मला तशीच दारात कपडे वाळत घालायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी हातांवर फोड आले. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की चांगली कातडीही भाजते, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आईनं कानाला खडा लावला, आणि मी लिंबाचं नाव टाकलं.

एरवी मी घराजवळच्या सकाळच्या शाळेत जायची, पण त्यानंतरचे उन्हाळे मी मागच्या खोलीत काढले. खिडकीच्या काचांना बाबांनी हिरवा रंग दिला होता, त्यामुळे दुपारी खोलीत तळ्याच्या तळाशी असतो तसा उजेड असायचा. एका काचेचा कोपरा रंगवायचा राहिला होता. तिथून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि फरशीवरून दिवसभर सरकायची. मी पलंगावर पाय वर घेऊन तिच्याकडे बघत राहायची. पट्टी टेबलाच्या पायाला लागली म्हणजे आई जेवायला बोलावणार, कपाटावर चढली म्हणजे आत्या येणार. बाहेर माणसं चालतात, हाका मारतात, दारं लागतात, हे सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं यायचं. कधी झोप लागायची ते कळायचं नाही, आणि जाग आल्यावरही थोडा वेळ स्वप्नातच असल्यासारखं वाटायचं.

गाव मी आत्याकडून ऐकून पाहिलं. पुस्तकं बांधणाऱ्याच्या गल्लीत पावणेदहाला सावली आता तीन फरशा मागे गेली आहे, चष्मेवाल्याच्या दाराशी वारा अडतो, चौकातलं झाड यंदा लवकर पालवलंय, असं ती काकडीच्या चकत्या माझ्या हातांवर ठेवत सांगायची. मी डोळे मिटून त्या गल्ल्यांतून चालायची. माझ्या त्या गावात फक्त सकाळ होती. हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

मी सोळा वर्षांची झाले आणि शाळेची शेवटची परीक्षा आली. सहा पेपर, एक दिवसाआड, ऐन उन्हाळ्यात. वेळ साडेदहा ते दीड. केंद्र होतं मुलींची मोठी शाळा, म्हणजे आत्याच्या बीटीचं शेवटचं टोक. आदल्या वर्षी वार्षिक परीक्षेला जाताना माझी बोटं अशी सुजली होती की पेन धरता येईना, दोन प्रश्न तसेच राहिले. म्हणून आईचं मत होतं की हे वर्ष सोडून द्यावं. बाबा घरबसल्या काय काय शिकता येतं याची हल्ली चौकशी करू लागले होते. त्यांचा जीव तुटायचा म्हणूनच ते हे करत होते, पण मला त्याचा अर्थ कळत होता. ही परीक्षा सुटली की मागची खोली कायमची. हिरवा उजेड, ती पट्टी, आणि मी म्हातारी होईपर्यंत पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. 

आत्यानं एका जेवणात विषय मिटवला. मी पोचवते तिला, असं ती म्हणाली. शाळा तिच्याच वाटेवर होती, वाट सगळी सावलीची होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एकोणीस वर्षांत तिचं एक पत्रही उन्हात वाळलं नव्हतं. बाबा हसले. आई हसली नाही, पण तिनं रात्रीतून माझ्या सदऱ्यांच्या बाह्या उसवून वीतभर लांब केल्या.

पहिल्या पेपरची ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. मी आत्याच्या मागे एक पाऊल ठेवून चालत होते, हात बाह्यांच्या आत, मानेला ओलं फडकं. सगळ्या गल्ल्यांची डावी बाजू निळसर गार होती आणि उजवीकडे ऊन भिंतींवर टेकून उभं होतं. आत्या दारातून पत्र आत सरकवायची, दोन घरं पुढे जायची, मध्येच थांबून म्हणायची, आता पलीकडे. आम्ही टाकीच्या सावलीच्या पुलावरून पलीकडे जायचो आणि झाडाच्या सावलीच्या पुलावरून परत. जे मी डोळे मिटून पाहिलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. खळीचा वास आला म्हणजे पुस्तकं बांधणारा, काचेवर घासल्याचा आवाज म्हणजे चष्मेवाला. मला वाटलं की मी इथे आधी राहून गेले आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो. आत्यानं माझे हात बाह्यांतून बाहेर काढले, गालाला लावून पाहिले आणि गार आहेत म्हणाली.

पेपर चांगला गेला. दीड वाजता मी बाहेर आले तेव्हा आत्या फाटकाशी उभी होती. एरवी शाळेतल्या आणि तिच्या वसतिगृहातल्या मुलींची पत्रं, मनिऑर्डरी वाटून होईतो एक वाजायचा, आणि तेव्हा पोस्टाची लाल गाडी शाळेजवळची पेटी रिकामी करायला यायची आणि तिलाही ऑफिसात घेऊन जायची. गाडीत बाहेरचं माणूस बसवायचं नाही असा नियम, आणि त्या दिवशी ड्रायव्हरशेजारी नेमके साहेब बसलेले. आत्यानं गाडी सोडून दिली होती. जशा आलो तशाच परत जायचं, असं म्हणून ती निघाली.

पहिलं वळण घेतलं आणि ती थांबली. मी तिच्या पाठीवर आदळले.

"ही कुठली गल्ली?" तिनं विचारलं.

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिचा चेहरा पडला होता. समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं ऊन होतं. सकाळची निळसर बाजू कुठे गेली ते कळत नव्हतं. दारं तीच होती, नंबर तेच होते, आणि आत्या आपल्याच बीटीत परक्या गावात आल्यासारखी उभी होती. मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. एकोणीस वर्षं ती एक वाजता लाल गाडीत बसून निघून जायची. ऊन महिन्यांबरोबर किती फरशा सरकतं हे तिला तोंडपाठ होतं, पण एकच्या पुढे या गल्ल्यांचं काय होतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिची वाट एकाच दिशेची होती.

मागे शाळेचं फाटक लागलं होतं. आत्यानं डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि माझे दोन्ही हात तिच्या खोलगट भागात खुपसले. वरून मानेचं ओलं फडकं घातलं. टोपीत अंडी घेऊन निघाल्यासारखी मी त्या उन्हातून धावले आणि आत्या माझ्याभोवती, कधी या बाजूनं कधी त्या बाजूनं, आपल्या अंगाची सावली पाडायला बघत धावत होती. वाटेत टोपीचा काठ फाटून लोंबायला लागला. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

संध्याकाळपर्यंत हात सुजले. आदल्या वर्षीइतके नाही, पण सुजले.  आत्यानं पातेल्यात गार पाणी घेतलं, फडकी बुडवून पिळून माझ्या हातांवर ठेवली, ती गरम झाली की बदलली, आणि अशी दोन तास बसून राहिली. मग कोरफडीचा गर, चोळायचा नाही, नुसता ठेवायचा. खाजवायचं नाही म्हणून माझी बोटं तिनं आपल्या मुठीत धरली. बाबा दारात येऊन म्हणाले की झालं एवढं पुरे, परवाचा पेपर सोडून देऊ.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "तिच्या परीक्षेची नाही. मला अर्धीच वाट माहीत होती. उद्याचा दिवस दे मला."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. दुपारी एकच्या सुमाराला डोक्याला साधा रुमाल बांधून ती बाहेर पडली, कारण टोपीचा काठ आईनं अजून शिवला नव्हता. हातात एक पॅड आणि पेन्सिल. मी मागच्या खोलीत हात उशीवर पसरून पट्टीकडे बघत होते. पट्टी टेबलाच्या पायावरून निघाली, फरशी ओलांडून कपाटाशी आली, कपाटावर चढली. आत्या साडेपाचला आली. तिचा चेहरा वीट झाला होता, आणि डावी बाजू तर पाहवत नव्हती. एका मैत्रिणीच्या गच्चीवर डोळा लागला, असं तिनं आईला सांगितलं. जी बाई दोन मिनिटं उन्हात उभी राहत नसे ती गच्चीवर झोपली, हे आम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी आईनं आम्हा दोघींना शेजारी बसवून कोरफड लावली. माझे हात आणि आत्याचं तोंड. खिडकीतल्या कुंडीत जेमतेम दोन पानं उरली.

सकाळी तिनं मला वाटपाच्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेली परतीची वाट दिली. माझी सूज बरीच उतरली होती. आईनं पेनाला फडकं गुंडाळून ते जाड केलं होतं, त्यामुळे बोटं फार मिटावी लागत नव्हती. आत्याला आणखी रजा मिळणार नव्हती. परत मला एकटीलाच यायचं होतं. आईनं बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी माझ्याकडे. मला भीती वाटत होती, पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ऐकलं असतं.

"मी येते एकटी," मी म्हणाले.

दीड वाजता शाळेच्या ओसरीत मी तो कागद उघडला. तो अजून माझ्याकडे आहे. वर लिहिलं होतं: घाई नाही. येतानाही डावीकडूनच चालायचं. खाली एकेक ओळ. दोनपर्यंत शाळेच्या पाण्याच्या टाकीशी, राखणदाराला सांगितलंय. दोन ते दोन पंचवीस पुस्तकं बांधणाऱ्याची पायरी, आतली. तिथून सावली भिंतीला लागून एकच फरशी आहे, पाऊल पुढे टाकायचं नाही. पावणेतीन चष्मेवाला. सव्वातीन शिवणाऱ्या बाईंचं दुकान, इथे हात पुन्हा ओले करायचे. मग चौक, पण साडेतीनच्या आधी नाही, झाडाची सावली तेव्हा पलीकडे पोचते. प्रत्येक ठिकाणापुढे लिहिलं होतं: पाणी पी.

चाळीस मिनिटांच्या वाटेला मला अडीच तास लागणार होते. मी निघाले. पुस्तकं बांधणाऱ्यानं काही न विचारता एक स्टूल पुढे केलं. त्याच्या दुकानात शिवलेली, पण पुठ्ठा नसलेली पुस्तकं माळ्यापर्यंत रचली होती आणि खळीचा गोडसर वास होता. बाहेर उन्हात सगळं थांबलेलं. मी उंबऱ्यावरून सावलीची कड पाहत होते. ती खरंच सरकते. पापणी न लववता पाहिलं तर दिसत नाही, आणि पाणी पिऊन पुन्हा पाहिलं तर ती एक बोट पुढे आलेली असते. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सावली मला हळूहळू पोचवत होती. सात वर्षांत मी दुपार अशी बाहेर बसून पाहिली नव्हती. मला त्या दिवशी वाटलं की इतकं सुंदर काही नसतं, आणि आजही वाटतं.

चष्मेवाला म्हातारा होता, डोळ्याला भिंग लावूनच त्यानं मला पाणी दिलं. मग भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"काकडीची भाची ना तू?" तो म्हणाला. "काल पाऊण तास ती त्या समोरच्या भिंतीशी उन्हात उभी होती. आत या म्हटलं तर आली नाही. आत बसलं की सावली कुठवर आली ते कळत नाही म्हणाली."

मी कागद पुन्हा पाहिला. एक फरशी. दोन पंचवीस. पाऊल पुढे नाही. यातली प्रत्येक ओळ कळायला तिला त्या त्या गल्लीत, त्या त्या मिनिटाला, सावली यायच्या आधी जाऊन उभं राहावं लागलं होतं. परतीची वाट उत्तरेला, ऊन पश्चिमेचं, म्हणून डावा गाल. मला रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. इतकं करून वर गच्चीवर झोपले म्हणून सांगायचं? रडू शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात आलं. त्यांना वाटलं हात दुखतात. त्यांनी ते गार पाण्यात धरले आणि मशीन बंद करून माझ्याजवळ बसून राहिल्या.

चार वाजता मी घरी पोचले. आई दारातच होती. तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, तळवे पाहिले, बोटांच्या फटी पाहिल्या, आणि मग मला आत घेतलं. हात गार होते. पुढचे चार पेपरही मी असेच दिले, आणि पास झाले. पुढे शिकले, आणि आता मी एका शाळेत शिकवते. कातडीचं आणि उन्हाचं भांडण पंचविशीनंतर आपोआप मिटत गेलं. मागच्या खोलीच्या काचा बाबांनी एका रविवारी पातं घेऊन खरवडल्या, आणि खरवडताना मला एकदाही हाक मारली नाही. ते काम त्यांना एकट्यालाच करायचं होतं.

आत्याच्या चेहऱ्याची सालं निघाली, नवी कातडी आली. तो बदाम तेवढा राहिला. ऑफिसात काकडी करपली म्हणून महिनाभर थट्टा चालली आणि ती सगळ्यांबरोबर हसली. मला चष्मेवाल्यानं सांगितलं हे तिला माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

नोकरी लागल्यावर मी तिच्यासाठी डाग घालवायचं एक महागडं क्रीम आणलं. ते संपत आलेलं पाहून मला बरं वाटायचं, आणि मग एकदा ती ते टाचांना लावताना सापडली. मी रागावले. टाचा बघ किती मऊ झाल्यात, असं ती म्हणाली. गालाला का लावत नाहीस, हे मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "पोचपावती आहे ती. कोणी पुसून टाकतं का?"

आता तिचे गुडघे धरतात. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय. मी चारला शाळेतून येते आणि तिला घेऊन जुन्या पोस्टाकडे जाणाऱ्या रस्त्यानं बागेपर्यंत जाते. रस्ता उत्तरेला जातो. आम्ही डावी बाजू धरतो, तिथे सावली असते, पण मध्येमध्ये इमारतींच्या दरम्यान मोकळ्या जागा आहेत आणि तिथून ऊन सरळ अंगावर येतं. अशा जागा नऊ आहेत. प्रत्येकीच्या आधी मी पाऊलभर पुढे सरकते, तिच्या आणि उन्हाच्या मध्ये येते, आणि माझी सावली तिच्या गालावर पडेल अशा बेतानं चालते.

"सरळ चाल की," ती कुरकुरते. "सारखी अंगावर येतेस."

मी हो म्हणते, आणि पुढची मोकळी जागा येईपर्यंत सरळ चालते.